विंडो स्क्रीनच्या बाहेर गेली? माउस सोडा, कीबोर्ड घ्या

ऑफिसात लॅपटॉपला दुसरा मॉनिटर लावलेला असतो, घरी आल्यावर तो नसतो, आणि मग एखादा प्रोग्राम उघडला की खाली टास्कबारवर दिसतो पण स्क्रीनवर काहीच नाही. प्रोग्राम चालूच असतो बरं का, फक्त विंडो जिथे मॉनिटर होता त्या बाजूला जाऊन बसलेली असते. लगेच रिस्टार्ट मारू नका, सेव्ह न केलेलं काम जाईल.

टास्कबारवर त्या प्रोग्रामवर एकदा क्लिक करा, मग ऑल्ट धरून स्पेसबार दाबा. एक छोटा मेनू येतो, रिस्टोअर, मूव्ह, साइझ वगैरे वाला. विंडो बाहेर असली तर हा मेनू कडेला कुठेतरी येतो किंवा दिसतच नाही, तरी नुसतं एम दाबायचं. आता कुठलंही एक बाणाचं बटण दाबा आणि मग माउस हलवा, विंडो कर्सरला चिकटून येते, हवी तिथे आणून क्लिक करा. ही बाणाची स्टेप लोक हमखास विसरतात आणि मग म्हणतात चालत नाही. मूव्ह फिकट दिसत असेल तर विंडो मॅक्सिमाइज आहे, आधी मेनूत आर दाबून रिस्टोअर करा.

दोन्ही मॉनिटर जोडलेले असतील तर एवढा खटाटोप नको, विंडोज की, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण, विंडो सरळ दुसऱ्या स्क्रीनवर.