लिफ्टमध्ये हवेचं वजन कसं करायचं

हवेला वजन असतं हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय, पण स्वतः करून बघितलंय असं कोणी भेटत नाही. तो पट्टीला दोन फुगे लटकवायचा प्रयोग मला कधीच पटला नाही, कारण त्यात फुग्यात जास्तीची कोंबलेली हवाच काय ती मोजली जाते. त्यापेक्षा फोन घ्या आणि लिफ्टमध्ये शिरा.

आधी फोनमध्ये बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे का बघा. आयफोन ६ पासून पुढच्या बहुतेक आयफोनमध्ये असतो, अँड्रॉइडमध्ये महागड्यात बहुतेक असतो, स्वस्तात बऱ्याचदा नसतो. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या युनिव्हर्सिटीने बनवलेलं, त्यात प्रेशरचा पर्याय उघडा. आकडा हेक्टोपास्कलमध्ये (एक हेक्टोपास्कल म्हणजे शंभर पास्कल, हे दाबाचं माप) येतो, मुंबईत साधारण १०१० च्या आसपास, पुण्यात ९५० च्या जवळपास. पुण्याचा आकडा कमी बघून फोन बिघडला असं समजू नका, पुणं समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर आहे म्हणून तसं.

आता तळमजल्यावर उभं राहून दहा-पंधरा सेकंद आकडा स्थिर होऊ द्या, लिहून घ्या, दहा मजले वर जा, परत लिहा, आणि लगेच खाली येऊन तिसऱ्यांदा लिहा. हे तिसऱ्यांदा लिहिणं टाळू नका. मी पहिल्यांदा खालचा आकडा सकाळी दहाला घेतला, मग कामं निघाली, वरचा घेतला संध्याकाळी चारला, आणि हिशोबात आमची दहा मजली बिल्डिंग एकोणीस मजली निघाली! कारण आपल्याकडे हवेचा दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारपर्यंत दोन-तीन हेक्टोपास्कल उतरतो, पाऊसपाणी नसलं तरी. खालचे दोन आकडे जुळले तरच प्रयोग धरायचा. वारा सुटला असेल तर उघड्या खिडकीपासून लांब उभे रहा.

एक मजला तीन मीटर धरला तर दहा मजल्यांना फरक साधारण सव्वातीन ते साडेतीन हेक्टोपास्कल येतो. खाली दाब जास्त येतो तो या मधल्या तीस मीटर हवेच्या वजनामुळेच. समजा फरक ३.३ आला. म्हणजे ३३० पास्कल, म्हणजेच एक चौरस मीटर जागेवर ३३० न्यूटन. न्यूटनचे किलो करायला ९.८ ने भागा, ३३-३४ किलो. झालं वजन! एक बाय एक मीटरचा, तीस मीटर उंचीचा हवेचा खांब तुम्ही आत्ता तोलला, घनमीटरला एक किलोपेक्षा थोडं जास्तच. एवढंच वजन पाण्याचं हवं तर त्याच एक चौरस मीटरवर साडेतीन सेंटीमीटर पाणी पुरतं, म्हणजे दहा मजली हवा बरोबर दोन बोटं पाणी.

इथे घन, द्रव, वायू यातला फरक नीट दिसतो. वीट फक्त खाली दाबते. पाणी खालीही दाबतं आणि बाजूलाही, म्हणून टाकीला तळाशी भोक पडलं तर धार लांब जाते, पण पाणी दबून घट्ट होत नाही, त्यामुळे दर दहा मीटरला जवळपास तेवढाच दाब वाढतो. हवा मात्र स्वतःच्याच वजनाखाली दबते, खाली दाट आणि वर विरळ, साडेपाच किलोमीटरवर दाब निम्माच उरतो. आणि वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून हवा विरळ हे जे सगळे सांगतात ना, ते चूक आहे. अगदी चारशे किलोमीटर वर स्पेस स्टेशनपाशीही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं. वर विरळ असते कारण डोक्यावर दाबायला हवाच कमी उरते. मग सगळी हवा खाली येऊन जमिनीवर साचत का नाही, तर तिचे रेणू सेकंदाला चार-पाचशे मीटर वेगाने सतत एकमेकांवर आपटत असतात, बसायला फुरसतच नाही.

सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळला की आधी जमिनीलगत पसरतो, नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडा आणि विजेच्या बटणाला हात लावू नका.

लिफ्ट नसेल तर सिंहगड आहेच. गडावर रिकामी लिटरभर पाण्याची बाटली, पातळ प्लास्टिकची घ्या, झाकण घट्ट लावा आणि गाडीत टाका. गड १३१२ मीटर, पुण्यापेक्षा साडेसातशे मीटर उंच, म्हणजे खाली येईपर्यंत बाहेरचा दाब आठ-नऊ टक्के वाढलेला असतो. खडकवासल्याच्या आसपास मागच्या सीटवरून कडकड आवाज येतो, बाटलीच्या पोटात खळगा पडलेला असतो. झाकण हळूच फिरवा, बारीक फुस्स ऐकू येईल, ती बाहेरची हवा आत शिरतेय.