म्हाताऱ्या कॅचरच्या काँट्रॅक्टवर आणि मॅनेजरच्या पुस्तकावर भांडायचं कसं

आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारच्या गल्लीत पहाटे साडेचारला लाइट लागलेली घरं दोनच, एक दूधवाल्याचं आणि एक आमचं. न्यूयॉर्कला संध्याकाळी ७:०५ ला मॅच सुरू झाली की उन्हाळ्यात इथे ४:३५ वाजलेले असतात. काका सहा महिने मुलाकडे अमेरिकेत राहून आले आणि येताना आजारासारखं बेसबॉल घेऊन आले, सोबत मुलाच्या शेल्फवरचं एक जाड पुस्तकही. त्या पुस्तकावरून आणि एका कॅचरच्या (म्हणजे बेसबॉलमधल्या विकेटकीपरच्या) पगारावरून आमच्याकडे एवढी भांडणं झालीत की आता मला वाटतं नवीन माणसाला कुणीतरी नीट सांगायला हवं की या वादात उतरायचं कसं, नाहीतर माझ्यासारखं होईल, पहिल्याच दिवशी तोंडावर पडलो.

वाद कशाचा ते आधी. संघ न्यूयॉर्क यँकीज. मॅनेजर (म्हणजे आपल्या भाषेत कोच, कोण खेळणार हे तोच ठरवतो) जो टोरी, १९९६ ते २००७, बारा वर्षांत बाराही वेळा प्लेऑफला नेलं आणि १९९६, १९९८, १९९९, २००० अशा चार वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथल्या फायनल, जिंकल्या. कॅचर होर्हे पोसाडा, प्वेर्तो रिकोचा, १९९५ पासून २०११ पर्यंत एकाच संघात. (नाव जॉर्ज नाही, होर्हे. काका यावर फार चिडतात.) २००७ च्या ऑक्टोबरमध्ये टोरी गेला, नोव्हेंबरमध्ये पोसाडाला नवीन काँट्रॅक्ट मिळालं, आणि २००९ च्या फेब्रुवारीत टोरीचं पुस्तक आलं. लोक हे दोन वेगळे वाद समजतात, मीही समजायचो. पण एकच वाद आहे, ते पुढे येतंय.

पहिलं काम, दिवाणखान्यात उकिडवं बसा. खरंच बसा. मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावा, हात पुढे करून, मान ताठ. मग कल्पना करा की तोंडावर लोखंडी जाळी, छातीवर पॅड, आणि ताशी दीडशे किलोमीटरचा बॉल बॅटची कड घेऊन कधी अंगठ्यावर येईल सांगता येत नाही. एका मॅचमध्ये आपल्या संघाचे पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, मिळून साधारण १४०-१५० बॉल टाकतात, म्हणजे तेवढ्या बैठका, आणि दुसऱ्या दिवशी परत, सीझन १६२ मॅचचा. काका म्हणाले, "अरे आपला किरण मोरे टेस्टला दिवसाला नव्वद ओव्हर म्हणजे पाचशे चाळीस वेळा बसायचा, ते काय?" बडोद्यात कीपरवर कुणी काही बोललं की हे येणारच, मोरे आपले, मोंगिया आपला, आणि १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध एका टेस्टमध्ये सहा स्टंपिंग केल्याचं पाठ नसलेला माणूस मोतीबागेच्या आसपास सापडणार नाही. मी म्हटलं काका बरोबर, पण टेस्टनंतर सुट्टी असते, यांना सहा महिन्यांत जेमतेम वीसेक दिवस मोकळे. ते गप्प बसले नाहीत, पण चहा घ्यायला उठले, आमच्याकडे त्याला जिंकणं म्हणतात.

हे कळल्याशिवाय ३६ हा आकडा कळत नाही. २००७ च्या शेवटी पोसाडा ३६ वर्षांचा होता आणि यँकीजने त्याला चार वर्षांचे ५ कोटी २४ लाख डॉलर दिले, दरवर्षी १ कोटी ३१ लाख, त्यावेळच्या भावाने सगळे मिळून दोनशे कोटी रुपयांच्या आसपास. म्हणजे काँट्रॅक्ट संपेल तेव्हा माणूस चाळिशीत. आपल्याकडे आयपीएलमध्ये धोनीला २०२५ साठी ४ कोटीत ठेवला तर चाळीस ओलांडलेल्या कीपरवर चार कोटी का म्हणून लोक भांडले, आणि तो महिना-दोन महिन्यांचा खेळ.

आता इथे बहुतेक जण पहिली चूक करतात, मी केली तीच. मी २००८ चा आकडा काढला, ५१ मॅच, खांद्याचं ऑपरेशन, ३ होम रन (आपल्या सिक्सरसारखं), आणि म्हटलं बघा, पैसे पाण्यात. भाचीने (ती एमएस युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स करते, तिच्यासमोर आकडा काढताना दोनदा विचार करा) शांतपणे विचारलं, "मामा, कुठल्या वर्षाचे पैसे कुठल्या वर्षाला लावतोयस?" मला प्रश्नच कळला नाही. मग तिने वहीच्या मागच्या पानावर चार उभे कॉलम आखले, तेच तुम्हीही करा, याच्याशिवाय बोलूच नका.

२००७ हे कॉलमच्या बाहेर, डावीकडे: .३३८ अ‍ॅव्हरेज (हजारात ३३८ वेळा हिट, हे फार भारी), २० होम रन, ९० आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेले रन). काँट्रॅक्ट या वर्षाच्या जोरावर मिळालं. मग २००८, वर सांगितलं ते, आणि त्या वर्षी संघ १९९३ नंतर पहिल्यांदा प्लेऑफच्या बाहेर. २००९ ला १११ मॅच, .२८५, २२ होम रन, आणि फिलाडेल्फियाला हरवून वर्ल्ड सिरीज. २०१० ला .२४८ आणि १८. २०११ ला कॅचिंग जवळजवळ बंद, नुसता डीएच, म्हणजे फक्त बॅटिंग करणारा, .२३५. म्हणजे चारातलं एक वर्ष गेलं, एक वसूल, दोन उतरती कळा. ३६ वर्षांच्या कॅचरला चार वर्षं देताना मालकाला हे असंच होणार हे माहीत असतं. शेवटची दोन वर्षं म्हणजे पहिली दोन मिळवायची किंमत, कारण तो फ्री एजंट (काँट्रॅक्ट संपलेला, कुठेही जायला मोकळा) होता आणि गावातल्या दुसऱ्या संघालाही, मेट्सला, कॅचर हवा होता. तीनच वर्षं दे म्हणालात तर तो समोरच्या दुकानात जाणार. आणि बेसबॉलमधलं काँट्रॅक्ट गॅरंटीड असतं, खांदा गेला तरी पूर्ण पैसे, संघातून काढला तरी पूर्ण पैसे, त्यामुळे "नाही खेळला तर कापा ना पगार" असं कृपया बोलू नका, तिथे सगळे हसतात.

एक गोष्ट मात्र कॉलममध्ये बसत नाही आणि दोन्ही बाजू तिचा हवा तसा वापर करतात. २००९ च्या प्लेऑफमध्ये ए. जे. बर्नेट पिच करत असला की मॅनेजर जो जिरार्डी पोसाडाला बसवून होजे मोलिनाला कॅचर ठेवायचा. विरोधक म्हणतात बघा, १ कोटी ३१ लाखवाला बाहेर आणि बॅकअप आत. समर्थक म्हणतात एका पिचरपुरतं होतं ते, बाकी सगळं यानेच पकडलं. भाचीचं म्हणणं असं की पोसाडा बॅटिंगचा कॅचर होता, बॉल ग्लोव्हमध्ये घेताना तो स्ट्राइकसारखा, म्हणजे ठरलेल्या चौकटीतून आल्यासारखा, अंपायरला दाखवायची कला, ज्याला फ्रेमिंग म्हणतात, ती त्याची कमकुवत, नंतर आकडेवाल्यांनी ते मोजूनही दाखवलं. मला ते पटतं. पण २००७ मध्ये काँट्रॅक्ट देताना हे कुणी अशा तऱ्हेने मोजत नव्हतं, त्यामुळे आजचा आकडा घेऊन तेव्हाच्या माणसाला मूर्ख ठरवणं मला चिटिंग वाटतं. (आजचा वाद असेल तर उलटं बोला. २०२६ पासून मेजर लीगमध्ये अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या (चौकटीबाहेर की आत) निर्णयाला चॅलेंज करता येतं, संघाला सुरुवातीला दोन, आणि डगआउटमधून नाही, बॅट्समन, पिचर किंवा कॅचरनेच तिथल्या तिथे मागायचं. म्हणजे फ्रेमिंगचा भाव उतरणार आणि ज्या कॅचरची नजर पक्की त्याचा चढणार, म्हाताऱ्यांना बरं.)

आता पुस्तक, द यँकी इयर्स. उघडायच्या आधी लेखकाच्या नावाची ओळ नीट वाचा, दोन नावं आहेत, टोरी आणि पत्रकार टॉम व्हर्डुची, आणि आत "मी" नाहीच, टोरीबद्दल सगळं "तो म्हणाला" असं लिहिलंय. हे लहान वाटतं पण निम्मं भांडण इथेच आहे. लोकांनी टोरीला धरलं की अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझला सहखेळाडू "ए-फ्रॉड" म्हणायचे हे तू बाहेर कसं सांगितलंस, तर टोरीची बाजू अशी की ते चेष्टेत चालायचं आणि पुस्तक व्हर्डुचीच्या रिपोर्टिंगचं आहे. मला ही पळवाट वाटते. कव्हरवर नाव आहे ना तुझं? लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून नाव छापायचं आणि जेवण वाईट निघालं की आचाऱ्याकडे बोट दाखवायचं, असं नाही चालत.

वाचताना पेन्सिल घ्या आणि मार्जिनमध्ये तीन खुणा करत जा: टोरी स्वतःबद्दल बोलतोय, मालकांबद्दल बोलतोय, की खेळाडूंबद्दल. काकांनी हे करायला नकार दिला (पुस्तकावर लिहायचं नसतं, सरस्वती वगैरे), म्हणून मी वाणसामानाच्या बिलांचे तुकडे घातले. तिन्ही एकत्र कालवून "पुस्तक चांगलं की वाईट" असा वाद घातलात तर सकाळचे आठ वाजतील आणि हाती काही नाही. जिम बाउटन नावाच्या पिचरने १९७० मध्ये खेळाडू असताना डायरी छापली तेव्हाही बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे सगळ्या लीगचे प्रमुख, बोवी कून भडकले होते, सगळं काल्पनिक आहे असं सही करून दे म्हणाले, त्याने नाही दिली. पण बाउटन बरोबरीचा होता, लॉकर शेजारी. मॅनेजरला जे कळतं ते त्याच्या खुर्चीमुळे कळतं, खेळाडू त्याच्या केबिनमध्ये येऊन रडतो कारण तो उद्या खेळवणार की नाही हे त्याच्या हातात असतं. आणि पुस्तक आलं तेव्हा टोरी रिटायर नव्हता, लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा मॅनेजर होता, म्हणजे तिथली पोरं दुसऱ्या दिवशी त्याच्याच केबिनमध्ये जाणार. खेळाडूंच्या खुणेवर माझं मत टोरीच्या विरुद्ध आहे आणि ते बदलणार नाही.

पण मालकांच्या खुणेवर मी पूर्ण त्याच्या बाजूचा. १८ ऑक्टोबर २००७, टँपा, मालकांचं ऑफिस. बारा वर्षं बारा प्लेऑफवाल्याला काय देऊ केलं, तर एक वर्ष. ५० लाख डॉलर आणि प्लेऑफची एकेक पायरी चढलास तर वर १० लाख. त्याने नाही म्हटलं आणि निघाला. जनरल मॅनेजर (खेळाडू घेणं-सोडणं बघणारा साहेब) ब्रायन कॅशमन त्या खोलीत आपल्यासाठी बोलला नाही ही खंत पुस्तकभर आहे. आणि त्यानंतर महिनाभरात त्याच ऑफिसने ३६ वर्षांच्या कॅचरला चार वर्षं दिली. गुडघे झिजणाऱ्या माणसावर चार वर्षांचा भरोसा, आणि नुसतं डगआउटमध्ये बसून विचार करणाऱ्यावर एकच! म्हणून म्हटलं वाद एकच आहे. पोसाडाच्या काँट्रॅक्टवर बोलणाऱ्याला टोरीची ऑफर विचारा, आणि पुस्तकावर तोंडसुख घेणाऱ्याला पोसाडाचं काँट्रॅक्ट, समोरचा दोन मिनिटं तरी थांबतो.

भाचीचं उत्तर तयार असतं, ते आधीच सांगतो म्हणजे तुम्ही सापडणार नाही: .३३८ मारणारा कॅचर बाजारात दुसरा नव्हता, मॅनेजर होते, जिरार्डी आला आणि दुसऱ्याच वर्षी जिंकला. त्यावर तुम्ही म्हणायचं की टोरीने डॉजर्सला २००८ आणि २००९ दोन्ही वर्षं लीगच्या फायनल सिरीजला नेलं. इथे सेव उसळ मागवा, कारण याच्या पुढे कुणाकडे काही नाही.

आणि १४ मे २०११. त्या दिवशी जिरार्डीने .१६५ वर आलेल्या पोसाडाला बोस्टनविरुद्ध बॅटिंगला नवव्या, म्हणजे शेवटच्या, नंबरवर टाकलं आणि पोसाडाने मॅचच्या आधी सांगितलं की आज मला खेळवू नका. जिरार्डी स्वतः कॅचर, नव्वदीच्या दशकात पोसाडाबरोबर तीच जागा वाटून घेतलेला. काँट्रॅक्ट चूक होतं म्हणणाऱ्यांचा हा हुकमाचा एक्का. पण त्याच ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटविरुद्ध त्याने .४२९ मारले हेही खिशात ठेवा. आमच्याकडे हा विषय काका दुधाची पिशवी आणायला खाली गेले तरच निघतो, आणि जिन्यात चपला वाजल्या की भाची लगेच विचारते, "मग मामा, आज पिचर कोण आहे?"