ग्रंथालयाची घडी कायद्यात कशी बसवावी

ग्रंथालय काढायचे ठरले की पहिली चर्चा जागेची आणि कपाटांची होते. त्याआधी एक प्रश्न मार्गी लावावा, तो म्हणजे हे ग्रंथालय कोणत्या कायद्याखाली चालणार. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतील 12 व्या नोंदीने राज्याच्या नियंत्रणाखालील किंवा राज्याच्या पैशावर चालणारी ग्रंथालये राज्याकडे दिली आहेत, तर उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे काम संघ सूचीतील 66 व्या नोंदीने केंद्राकडे ठेवले आहे. त्यामुळे एकाच शहरातील सार्वजनिक वाचनालय ग्रंथालय संचालनालयाला हिशेब देते आणि विद्यापीठाचे ग्रंथालय विद्यापीठाच्या प्राधिकरणांना व विद्यापीठ अनुदान आयोगाला. दोघांच्या कपाटांत तीच पुस्तके असली, तरी दप्तर वेगळे असते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा आहे आणि तो 1 मे 1968 पासून लागू झाला. कोल्हापूर संस्थानाने असा कायदा 1945 मध्येच केला होता, ही गोष्ट आज फारशी कोणाला आठवत नाही. 1967 च्या अधिनियमाने राज्य ग्रंथालय परिषद, जिल्हा ग्रंथालय समित्या आणि ग्रंथालय संचालक अशी रचना उभी केली. तामिळनाडू किंवा कर्नाटकाप्रमाणे मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवण्याची तरतूद मात्र त्यात नाही. येथे निधी राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो आणि ग्रंथालये बहुतांशी लोकांच्या संस्थाच चालवतात. या एका गोष्टीतून पुढचे सारे व्यवहार ठरतात. आपले वाचनालय ‘शासनमान्य’ असते, ‘शासकीय’ नसते. त्याचे सेवक संस्थेचे असतात आणि त्याच्या चुकांची जबाबदारीही संस्थेच्या कार्यकारी मंडळावरच येते. नव्या पदाधिकाऱ्यांनी हा फरक पहिल्याच सभेत समजून घ्यावा.

संस्थेची नोंदणी

सार्वजनिक ग्रंथालय चालवणारी संस्था प्रथम संस्था नोंदणी अधिनियम, 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 यांखाली धर्मादाय कार्यालयात नोंदवावी लागते. त्यासाठी किमान सात सभासद लागतात. घटना लिहिताना दुसऱ्या संस्थेची घटना नावे बदलून उतरवून घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. शिक्षणसंस्थेच्या घटनेत वर्गणीदार, आजीव सभासद, अनामत, थकबाकीदाराचा मतदानाचा हक्क यांचा उल्लेख नसतो, आणि पहिली चुरशीची निवडणूक झाली की भांडण नेमके तेथेच होते. वर्गणीदार वाचक आणि मताधिकार असलेला सभासद हे एकच की वेगळे, हे घटनेत स्पष्ट लिहावे.

कार्यकारी मंडळ बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा. माझ्या पाहण्यातील एका वाचनालयाने तीन निवडणुकांचे बदल अर्ज दिलेच नव्हते. इमारतीच्या दुरुस्तीसाठी परवानगी मागायची वेळ आली तेव्हा दप्तरी जे विश्वस्त होते, त्यांतले दोघे हयात नव्हते. वारसांची पत्रे, जुनी इतिवृत्ते आणि शपथपत्रे गोळा करण्यातच सारा काळ गेला.

मान्यता आणि अनुदान

अनुदानाचा आधार 1970 चे नियम आहेत. त्यांनुसार ग्रंथालयांचे जिल्हा, तालुका व इतर असे प्रकार आणि अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, उघडे राहण्याचा वेळ आणि सेवकवर्ग यांवरून वर्ग मिळतो. अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यामार्फत जातो. येथे सावधगिरीचे दोन शब्द सांगणे भाग आहे. 2012 मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नवी मान्यता व दर्जावाढ दीर्घकाळ थांबून राहिली. म्हणून अनुदान मिळेलच असे गृहीत धरून जागा भाड्याने घेऊ नये. आजची स्थिती जिल्हा कार्यालयात विचारावी, आणि पहिली काही वर्षे वर्गणी व देणग्यांवर निघतील असा ताळेबंद मांडावा.

अनुदान मिळू लागले, तरी त्यातला पैसा मनाला येईल तसा वापरता येत नाही. वेतन आणि वेतनेतर असे त्याचे भाग पडतात, ते हप्त्यांनी येते, आणि संस्थेने स्वतःचा वाटाही घालायचा असतो. मार्चअखेर हिशेब बंद करून सहा महिन्यांच्या आत लेखापरीक्षण पूर्ण करावे. ग्रंथखरेदीची बिले, धनादेशांचे क्रमांक आणि दाखल नोंदवहीतील नोंदी एकमेकींशी जुळतात की नाही, हे तपासणी अधिकारी सर्वांत आधी पाहतो. पुस्तकांच्या रूपाने मदत हवी असल्यास राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान निधी (राज्याच्या वाट्याच्या जोडीने मिळणारी मदत) आणि असमान निधी (राज्याच्या वाट्याविना मिळणारी मदत) अशा योजना आहेत. 1972 मध्ये स्थापन झालेल्या या प्रतिष्ठानाचे कार्यालय कोलकात्यात आहे, तरी प्रस्ताव राज्याच्या संचालनालयामार्फत जातो.

दप्तर

ग्रंथालयाचा कणा म्हणजे दाखल नोंदवही. विकत आलेल्या आणि भेट आलेल्या प्रत्येक ग्रंथाला एक दाखल अंक मिळतो, आणि तो अंक पुन्हा दुसऱ्या ग्रंथाला कधीही द्यायचा नसतो, पहिला ग्रंथ हरवला वा फाटला तरीही. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, विक्रेता, बिलाचा क्रमांक व दिनांक हे रकाने भरावेत आणि शेवटचा शेऱ्याचा रकाना निर्लेखनासाठी, म्हणजे ग्रंथ दप्तरातून रीतसर कमी करण्याच्या नोंदीसाठी, राखावा. चुकलेली नोंद खोडरबराने पुसू नये किंवा पांढरी शाई लावून झाकू नये. एक रेघ मारून स्वाक्षरी करावी. ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारखी संगणक प्रणाली वापरली, तरी नोंदवहीची छापील, पाने क्रमांकित केलेली प्रत ठेवणे शहाणपणाचे ठरते. संगणक बंद पडला की तपासणी अधिकारी थांबत नाही, असा अनुभव आहे.

निर्लेखन हा बहुतेक मंडळांना न आवडणारा विषय आहे. पुस्तक रद्द करणे म्हणजे पाप, अशी समजूत असते आणि वाळवी लागलेले गठ्ठे वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहतात. खरे तर ग्रंथपडताळणी करून, यादी मंडळापुढे ठेवून, ठराव मंजूर करून आणि नियमांनुसार मंजुरी घेऊन जीर्ण ग्रंथ रीतसर कमी करता येतात. किती ग्रंथ गहाळ झाले तर चालेल, याला केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, 2017 मध्ये चांगले माप सापडते. त्यानुसार देवघेवीतील किंवा संदर्भासाठी वापरलेल्या दर हजार ग्रंथांमागे वर्षाला पाच ग्रंथांपर्यंतची घट, अप्रामाणिकपणा वा हलगर्जीपणा नसेल तर, रास्त मानली जाते. पण 1000 रुपयांहून अधिक किमतीचा किंवा दुर्मीळ ग्रंथ हरवला तर चौकशी करावीच लागते. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर पडताळणी दरवर्षी, त्यापुढे पन्नास हजारांपर्यंत तीन वर्षांतून एकदा पूर्ण, आणि त्याहून मोठ्या संग्रहात तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी, असेही तेच नियम सांगतात. हे नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहेत. राज्यातील संस्थेने आपल्या ठरावात त्यांचा आधार घ्यावा, मात्र ते आपल्याला आपोआप लागू आहेत असे लिहू नये.

विद्यापीठाचे ग्रंथालय

येथे नोंदणी व मान्यतेचा प्रश्नच येत नाही, कारण ग्रंथालय विद्यापीठाचाच भाग असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ने ग्रंथालयाला ‘ज्ञान स्रोत केंद्र’ म्हटले आणि पूर्वीच्या ग्रंथपालाच्या जागी त्या केंद्राचा संचालक आणला. पुण्याचे 1950 मधील जयकर ग्रंथालय त्यामुळे आता जयकर ज्ञान स्रोत केंद्र आहे, जरी रिक्षावाला अजून ‘जयकर’ एवढेच म्हणतो. पदाची पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत पाहावी. नेमणुकीची जाहिरात काढण्यापूर्वी ते विनियम, विद्यापीठाचे परिनियम आणि बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षणाचे, हे ठरवणारा तक्ता) ही तिन्ही समोर ठेवावीत. यांपैकी एक विसरले की निवड न्यायालयात अडकते.

विद्यापीठ ग्रंथालयाच्या कामात प्रबंध आणि नियतकालिके हे विषय महत्त्वाचे आहेत. पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राला, प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन भांडारासाठी, द्यावी लागते. ही जबाबदारी परीक्षा विभागाची की ग्रंथालयाची, हे लेखी ठरवून घ्यावे. नियतकालिकांसाठी 2025 च्या जानेवारीपासून केंद्र सरकार स्वतः वर्गणी भरते अशी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू झाली असून तीत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके येतात. वर्गणीचे नूतनीकरण करण्यापूर्वी तिची यादी तपासली नाही, तर एकाच नियतकालिकाचे पैसे दोनदा जातात.

दोन्ही प्रकारच्या ग्रंथालयांना झेरॉक्स आणि स्कॅनिंगचा प्रश्न पडतो. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, 1957 च्या कलम 52 प्रमाणे अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढता येतात; आणि ग्रंथालयाकडे मूळ छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची अंकीय प्रतही ठेवता येते. ही सवलत जतनासाठी आहे. स्कॅन केलेली फाइल वाचकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्यास तिचा आधार घेता येत नाही. स्कॅनिंग सुरू करण्यापूर्वी प्रत्येक पुस्तकाचा दाखल अंक, ते विक्रीस उपलब्ध नसल्याची खात्री कशी केली त्याची नोंद आणि स्कॅनचा दिनांक यांची स्वतंत्र वही उघडावी, आणि ती दाखल नोंदवहीशेजारीच ठेवावी.