ट्रेलर ब्रेक कंट्रोलर: खोकं कुठलंही घ्या, लाल वायर मात्र नीट जोडा

आधी ट्रेलरखाली वाकून बघा. चाकामागच्या पत्र्यातून दोन वायरी बाहेर आल्या असतील, तर ड्रममध्ये इलेक्ट्रोमॅग्नेट आहे आणि कंट्रोलर, म्हणजे गाडीतून ट्रेलरच्या ब्रेकना करंट देणारं खोकं, लागणारच. पुढच्या दांडीला सरकता दट्ट्या दिसला, तर ट्रेलर गाडीवर रेटला की त्या रेट्यानंच ब्रेक लागतात. युरोपात बहुतेक ट्रेलर याच जातीचे असतात. त्यांना कंट्रोलर लागत नाही. हे न बघता खोकं विकत आणणारे लोक आहेत, म्हणून सांगितलं. कायद्याचंही बघून ठेवा: ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत आणि २,००० किलोच्या वर ते सगळ्या चाकांना लागतात. अमेरिकेत हा आकडा राज्यागणिक बदलतो.

कुठला घ्यायचा

प्रपोर्शनल. टाइम-डिलेड कंट्रोलर पॅडल दाबल्यावर ठरावीक वेळात ठरावीक जोरापर्यंत करंट वाढवतो. तुम्ही सिग्नलला सावकाश थांबताय की समोर अचानक कोणी आलंय, याचा त्याला पत्ता नसतो. प्रपोर्शनलमध्ये वेग कमी होण्याचं प्रमाण मोजणारा सेन्सर असतो, त्यामुळे गाडी जितक्या जोरात मंदावते तितकाच जोर ट्रेलरला मिळतो. ‘हलक्या ट्रेलरला टाइम-डिलेड पुरतो’ असं सांगणाऱ्याला उतारावरच्या रहदारीत तो ट्रेलर ओढून बघायला सांगा.

कंपनीवरून वाद घालण्यात अर्थ नाही. टेकोन्शाचा प्रॉडिजी पी३ असो की रेडार्कचा टो-प्रो एलिट, नीट जोडला तर दोन्ही उत्तम चालतात. टो-प्रोचं मुख्य खोकं डॅशबोर्डमागे कसंही बसवता येतं आणि बाहेर फक्त एक गोल बटण दिसतं. गुडघ्याला जागा कमी असेल तर हा फायदा मोठा आहे. घेताना तो ट्रेलरच्या किती एक्सलसाठी (चाकांच्या जोड्यांच्या आसांसाठी) आहे तेवढं वाचा.

तुमच्या एसयूव्हीत कारखान्यातूनच टोइंग पॅकेज आलं असेल, तर स्टिअरिंगखाली बहुधा एक तयार सॉकेट असतं. त्या मॉडेलची हार्नेस (तयार प्लग लावलेल्या वायरींचा जुडगा) आणा, खटकन लावा आणि खालचा लाल वायरीचा भाग सोडून थेट चाचणीवर जा. फक्त फ्यूज जागेवर आहे का ते बघा. काही गाड्यांत सॉकेट असतं, पण त्याच्या फ्यूजची जागा रिकामी असते.

बसवणं आणि तीन सोप्या वायरी

बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि थोडा वेळ थांबा, कारण तुम्ही गुडघ्याच्या एअरबॅगच्या शेजारी हात घालणार आहात. खोकं हात सहज पोहोचेल आणि गुडघा आपटणार नाही अशा ठिकाणी, हलणार नाही असं, गाडीच्या दिशेला समांतर बसवा. किती कलतं चालेल ते मॅन्युअलमध्ये असतं.

काळी वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मध्ये बॅटरीजवळच सर्किट ब्रेकर: एक-दोन एक्सलला २० अँपिअर, तिनाला ३०. पांढरी अर्थला, म्हणजे निगेटिव्हला. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर बसवलेला असेल तर तिथे न जोडता बॉडीच्या मूळ अर्थ-बोल्टला जोडा. निळी मागे ट्रेलरच्या सॉकेटला. या तिन्ही जाड घ्या, १० गेज घेतली तर पुन्हा विचार करावा लागत नाही. पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडेची रबरी कडी) हवाच.

लाल वायर

ब्रेक लागले हे कंट्रोलरला कळतं ते हिच्यावरून. ही चुकली तर महागातलं महाग खोकं गप्प बसतं, किंवा नको तेव्हा ट्रेलर धरून ठेवतं. या सगळ्या कामात मला घाम फोडला तो हिनेच, आणि ‘पॅडलच्या स्विचची वायर शोधून जोडा’ या एका ओळीत हे उरकणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे.

जुन्या गाड्यांत स्विचला मोजून दोन वायरी असायच्या. एकीत कायम १२ व्होल्ट, दुसरीत पॅडल दाबल्यावरच. दुसरी आपली. आताच्या एसयूव्हीत तिथे चार किंवा जास्त वायरी येतात. एखादी क्रूझ कंट्रोलची असते, एखादी कॉम्प्युटरकडे जाणारी. एखादी तर उलटीच वागते, पॅडल सोडलं की १२ आणि दाबलं की शून्य. रंगावर विश्वास ठेवू नका. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत रंग बदललेले असू शकतात.

आता बॅटरी परत जोडा, नाहीतर मोजणार काय? मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी टोचणी अर्थला, लाल टोचणी संशयित वायरीवर. पॅडल सोडलेलं, इग्निशन बंद: शून्य हवं. इग्निशन चालू: तरीही शून्य. हेडलाइट लावा: शून्य. मग पॅडल नुसतं टेकवल्यासारखं दाबा: लगेच १२ च्या आसपास यायला हवेत, अर्ध्यापर्यंत दाबल्यावर नव्हे. पॅडल तसंच धरून इंडिकेटर दोन्ही बाजूंना लावून बघा आणि शेवटी हझार्ड. आकडा जरासुद्धा हलता कामा नये.

ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. ज्या गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर मागच्या एकाच बल्बवर असतात, तिथली वायर पॅडलच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेते आणि इंडिकेटर लागला की उघडी पडते. ती जोडलीत तर वळणावर ट्रेलर टिकटिकीच्या तालावर गचके खाईल. मीटरचा आकडा १२ वर न जाता मध्येच कुठेतरी घुटमळत असेल तर तीही वायर सोडा. कॉम्प्युटर ती बहुधा तुकड्यातुकड्यांनी चालवत असतो.

टेस्ट लॅम्प इथे वापरू नका, कितीही अनुभवी मेकॅनिक सांगो. तो दिवा स्वतः करंट ओढतो आणि कॉम्प्युटरच्या नाजूक वायरींना ते झेपत नाही. पिवळ्या आवरणातल्या वायरींना तर टोचणीही लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

आणखी एक गोष्ट, जी खोक्यासोबतच्या कागदावर ठसठशीत असायला हवी. बऱ्याच कंट्रोलरमध्ये हाताने चालवायची पट्टी सरकवली की लाल वायरीतून उलटे १२ व्होल्ट बाहेर येतात, मागच्यांना ब्रेकलाइट दिसावेत म्हणून. म्हणजे ही वायर नुसती ऐकत नाही, बोलतेही. कॉम्प्युटरच्या सिग्नलमध्ये ते व्होल्ट घुसले तर डॅशबोर्डवर इशाऱ्यांची रांग लागते, आणि नशीब वाईट असेल तर खर्चाचीही.

माझं मत स्पष्ट आहे: स्विचपाशी खात्रीची वायर मिळाली नाही तर तिथे रेंगाळू नका, मागच्या काचेजवळच्या तिसऱ्या ब्रेकलाइटची वायर तपासा. तो दिवा इंडिकेटरबरोबर कधीच लुकलुकत नाही. आणि अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (समोरच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप सांभाळणारी सोय) असलेल्या गाडीत तर मी आधी तीच बघतो. तिथे गाडी स्वतःहून ब्रेक लावते तेव्हा ब्रेकलाइट लागतात, पण पायाने दाबायच्या स्विचला खबर नसते. लाल वायर त्या स्विचवर असेल तर गाडी थांबायला बघते आणि ट्रेलर मागून ढकलत राहतो. तिसरा दिवाही कॉम्प्युटर थेट चालवत असेल, तर हट्ट सोडा आणि त्या मॉडेलसाठी बनवलेली हार्नेस विकत घ्या.

जोड देताना ते निळे-लाल प्लास्टिकचे चिमटे, जे वायरीवर दाबून बसवतात, ते नकोत. आतलं पातं तांब्याच्या काही तारा कापतं, उरलेल्या ओलाव्याने हिरव्या पडतात आणि सिग्नल कधी येतो, कधी जातो. असा येता-जाता दोष शोधण्याइतकं वैतागवाणं काम नाही. सोल्डर करा आणि वर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.

चाचणी

ट्रेलर जोडायच्या आधी मागच्या सॉकेटमध्ये ब्रेकची पिन आणि अर्थ यांच्यामध्ये १२ व्होल्टचा साधा बल्ब लावा आणि पट्टी सरकवा. बल्ब हळूहळू उजळला म्हणजे निळी वायर ठीक. मग ट्रेलर जोडून पूर्ण जोरावर करंट मोजा. १० किंवा १२ इंची ड्रमचा एक मॅग्नेट साधारण ३ अँपिअर घेतो, म्हणजे दोन चाकांना ६, चारांना १२. बराच कमी भरला तर कंट्रोलरला दोष देण्याआधी ट्रेलरच्या बारीक वायरी आणि गंजलेला अर्थ बघा. ब्रेकअवेची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) पिन तपासायची असेल तर प्लग काढूनच ओढा, नाहीतर करंट उलटा येऊन कंट्रोलर जळू शकतो.

गेन

गेन म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकना जास्तीत जास्त किती जोर द्यायचा ते सेटिंग. ट्रेलर नेहमीच्या ओझ्याने भरा आणि सपाट, कोरडा, रिकामा रस्ता गाठा. आधी काही वेळा ब्रेक लावून ड्रम गरम करा, कारण थंड ब्रेकवर केलेलं सेटिंग गरम झाल्यावर जास्त होतं. मग ताशी ४० किलोमीटरला पाय पॅडलवर न ठेवता फक्त हाताची पट्टी पूर्ण सरकवा. ट्रेलरने गाडीला मागे खेचल्यासारखं वाटलं पाहिजे. चाकं जाम होईपर्यंत गेन वाढवत न्या, मग जाम होणं थांबेल इतका खाली आणा. बूस्ट (ब्रेक लागताना सुरुवातीचा जोर वाढवणारं सेटिंग) शून्यावर ठेवूनच हे करा आणि ट्रेलर गाडीइतकाच किंवा जास्त जड असेल तरच नंतर एकेक पायरी वाढवा. ब्रेक नवे असतील तर काही दिवसांनी हे सगळं पुन्हा करावं लागेल, कारण लायनिंग बसल्यावर पकड वाढते. रिकामा ट्रेलर ओढताना गेन कमी करायचा, भरल्यावर परत वाढवायचा.