‘सर्व्हर गेला’ म्हणण्याआधी : डेटाबेस लागत नाही किंवा रेंगाळतो तेव्हा मी काय बघते

सकाळी पावणेदहाला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला. “ताई, सर्व्हर गेला बघा. पॅकिंगला एक स्टिकर निघेना, कंटेनर दारात उभा आहे.” मी विचारलं, “अण्णा, सगळ्यांचं बंद आहे का काहींचंच?” पलीकडे थोडी पळापळ ऐकू आली. मग उत्तर आलं, “अकाउंटचं चालू आहे. पॅकिंगचं आणि गेटचं बंद.”

म्हणजे सर्व्हर, सगळ्यांचा डेटाबेस (नोंदींचा साठा) ठेवणारं मशीन, गेलेला नव्हता. गेला असता तर अकाउंटचंही बंद पडलं असतं. सोलापुरात मी बारा वर्षं ही कामं करते आहे. कारखाने, अडत दुकानं, पॅथॉलॉजी लॅब सगळीकडे फिरते. माझी सगळी तपासणी या एकाच प्रश्नावर उभी असते : कुठे चालतंय आणि कुठे नाही? दोन्हींत फरक काय ते सापडलं की बिघाड सापडतो. म्हणून फोनवरच तीन गोष्टी विचारून घेते. एकाचं बंद की सगळ्यांचं, काल चालत होतं का, आणि कालपासून आजपर्यंत काय बदललं. तिसऱ्या प्रश्नाला पहिलं उत्तर नेहमी “काहीच नाही” असं येतं. थोडं थांबलं, की “रात्री लाईट गेली होती” किंवा “कॅमेरेवाला येऊन गेला” असं काहीतरी निघतंच.

नंतर सांगते, “स्क्रीनवर जे आलंय त्याचा फोटो पाठवा, पूर्ण.” ‘एरर येतोय’ एवढ्यावर काहीही करू नका. त्या ओळीतच अर्धं निदान असतं. विंडोजवर आकडा १००६० असेल तर निरोप गेला, पण वेळ संपेपर्यंत पलीकडून उत्तरच आलं नाही. अशा वेळी फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा अडवणारा पहारेकरी), चुकीचा पत्ता, बंद मशीन किंवा तुटलेली केबल बघायची. १००६१ असेल तर त्या पत्त्यावर कोणीतरी आहे, पण त्या पोर्टवर (मशीनच्या त्या नंबराच्या दारावर) ऐकणारं कोणी नाही, म्हणून लगेच नकार आला. लॉगिन फेल, १८४५६ असं आलं तर आनंद माना, कारण नेटवर्क पूर्ण ठीक आहे आणि तुम्ही डेटाबेसच्या दारापर्यंत पोचलात. आता फक्त नाव, पासवर्ड, परवानगी बघायची. या तिन्हींचा उपाय वेगळा आहे. तरी लोक तिन्हींत पहिलं काम सर्व्हर रिस्टार्ट करण्याचं करतात, याचं मला फार वाईट वाटतं. रिस्टार्टने चालू माणसांचं कामही जातं आणि पुरावाही पुसला जातो.

अण्णांच्या फोटोत १००६१ होता. मी त्यांच्या पॅकिंगच्या मुलाला कमांड प्रॉम्प्ट उघडायला लावून सर्व्हरचा पत्ता, १९२.१६८.१.२०, पिंग करायला, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघायला सांगितला. उत्तर आलं. तो म्हणाला, “मॅडम, पिंग होतंय, म्हणजे लाईन बरोबर आहे.” इथे बरेच जण फसतात. पिंगला उत्तर देणारं मशीन तुमचा सर्व्हरच आहे, हे पिंग सांगत नाही. उलटही होतं. फायरवॉल पिंग अडवते आणि डेटाबेस मात्र व्यवस्थित लागतो. म्हणून पिंगपाशी थांबू नका, पोर्ट तपासा. पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’, पुढे सर्व्हरचा पत्ता, पुढे ‘-पोर्ट १४३३’ असं द्या. शेवटी ‘टीसीपी टेस्ट सक्सीडेड’ या ओळीत ट्रू येतं की फॉल्स ते बघा. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रोग्रामचं नेहमीचं पोर्ट १४३३, तशाच दुसऱ्या प्रोग्रामांत मायएसक्यूएलचं ३३०६, पोस्टग्रेसचं ५४३२.

फॉल्स आलं. मग ‘एआरपी -ए’ देऊन त्या पत्त्यासमोरचा मॅक पत्ता (मशीनच्या नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर) वाचायला लावला. तो सर्व्हरचा नव्हता. माझ्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या सर्व्हरचा मॅक पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे लगेच कळलं. रात्री वीज गेली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि त्याने पत्ते नव्याने वाटले. २० नंबर गेला कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला, सर्व्हरला मिळाला २३. पॅकिंगचं सॉफ्टवेअर डीव्हीआरकडे जाऊन बिलं मागत होतं. मग अकाउंटचं कसं चाललं? कारण अकाउंटचं मशीन हाच तेव्हा सर्व्हर होता. तिथलं सॉफ्टवेअर ‘लोकलहोस्ट’ म्हणून स्वतःशीच बोलायचं, त्याला पत्त्याशी देणंघेणं नव्हतं.

उपाय राउटरमध्ये होता. सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी २० नंबर राखून ठेवला, डीव्हीआर बंद करून चालू केला, मग सर्व्हरची केबल काढून लावली. साडेदहाला स्टिकर निघायला लागले. सर्व्हरवर हाताने कायमचा पत्ता घालायचा असेल तर राउटर ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा घाला. नाहीतर एक दिवस दोघांना एकच पत्ता मिळतो. मग डेटाबेस पाच मिनिटं लागतो, पाच मिनिटं लागत नाही, आणि तो बिघाड शोधणं याहून अवघड जातं.

नवीनच बसवलेल्या सर्व्हरला बाहेरून कोणीच लागत नसेल तर कारणं ठरलेली आहेत. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस बसवल्यावर त्याचं टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्कवरून बोलण्याची सोय, बंद असतं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन ते चालू करा आणि ती सर्व्हिस पुन्हा सुरू करा, त्याशिवाय बदल लागू होत नाही. सर्व्हरच्या नावापुढे तिरकी रेघ आणि ‘एसक्यूएलएक्सप्रेस’ असं नाव असेल तर तो दर वेळी वेगळं पोर्ट घेऊ शकतो. ते पोर्ट कोणतं, हे एसक्यूएल ब्राउझर ही सर्व्हिस यूडीपी १४३४ वरून सांगते. ती बंद असली की एरर २६ येतो. मी सरळ पोर्ट १४३३ ला बांधून टाकते आणि जोडणीत पत्त्यापुढे स्वल्पविराम देऊन पोर्ट लिहिते. मायएसक्यूएलमध्ये ‘बाइंड-ॲड्रेस’ १२७.०.०.१ असेल किंवा पोस्टग्रेसमध्ये ‘लिसन_ॲड्रेसेस’ लोकलहोस्ट असेल, तर तो फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो. पोस्टग्रेसला वर ‘पीजी_एचबीए’ फाईलमध्ये कोणाला आत घ्यायचं तेही लिहावं लागतं.

फायरवॉल पूर्ण बंद करून “आता चालतंय बघा” म्हणणारे मी पाहिले आहेत. असं करू नका. फक्त त्या पोर्टला, फक्त आतल्या नेटवर्कसाठी परवानगी द्या. राउटर बदलला की विंडोज नवं नेटवर्क ‘पब्लिक’ समजतं आणि ‘प्रायव्हेट’साठी दिलेली परवानगी लागू होत नाही, तेही बघा. मालक घरून काम करायचं म्हणतात म्हणून राउटरमधून १४३३ इंटरनेटला उघडून देणं तर कधीच नको. रात्रंदिवस पासवर्ड लावून बघणारे प्रोग्राम अशीच दारं शोधत असतात. व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा सुरक्षित खासगी रस्ता) घ्या.

लॉगिन फेल असेल तर स्क्रीनवरचा मजकूर मुद्दाम मोघम ठेवलेला असतो. खरं कारण सर्व्हरच्या एररलॉगमध्ये (बिघाडांच्या नोंदवहीत) १८४५६ पुढच्या ‘स्टेट’ आकड्यात असतं. ५ म्हणजे त्या नावाचा युजरच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोजच्या ओळखीवर चालू आहे आणि तुम्ही एसक्यूएलचा युजर देताय.

आता एकच सॉफ्टवेअर एका मशीनवर चालतं आणि शेजारच्यावर नाही, हा प्रकार. नवी पेठेतल्या एका दुकानात नवा पीसी घेतला आणि एक्सेलमधून स्टॉक ओढायचा बंद झाला. ओडीबीसीत (सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणाऱ्या विंडोजच्या सोयीत) जोडणी केलेली, टेस्टही पास, पण एक्सेलला ती दिसेना. विंडोजमध्ये ओडीबीसीचे दोन व्यवस्थापक असतात, ३२ बिटचा आणि ६४ बिटचा. गोंधळ असा की ‘सिस्टम३२’ फोल्डरातला ६४ बिटचा आहे आणि ‘सिसवॉव६४’ फोल्डरातला ३२ बिटचा. जोडणी ६४ मध्ये केली होती, एक्सेल ३२ बिटचं होतं. विंडोज किती बिटचं ते बघू नका, जोडणी मागणारं सॉफ्टवेअर किती बिटचं ते बघा. नवा ओडीबीसी ड्रायव्हर १८ असेल तर तो सांकेतिक जोडणी सक्तीची धरतो, म्हणून जुन्या सर्व्हरवर सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) तक्रार येते. सर्व्हरवर विश्वासार्ह सर्टिफिकेट बसवणं हाच त्यावरचा नीट उपाय.

लिनक्सवर गेलात तर दोन गोष्टी. मायएसक्यूएलला ‘लोकलहोस्ट’ म्हटलं की तो सॉकेट फाईलने, म्हणजे मशीनच्या आतल्या वाटेने जातो, १२७.०.०.१ म्हटलं की टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने. एक चालून दुसरं न चालणं शक्य आहे. आणि विंडोजवर टेबलाच्या नावातलं लहान-मोठं अक्षर चालून जातं, लिनक्सवर ते वेगळं टेबल होतं. डॉकर प्रोग्रामला मशीनच्या आतच वेगळ्या डब्यात चालवतो. त्या डब्यातून ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो डबाच, बाहेरचं मशीन नव्हे.

लागतं, पण रेंगाळतं

इथे पहिलं काम घड्याळ लावण्याचं. “लई स्लो आहे” याला माप नाही. कुठली स्क्रीन, किती सेकंद, किती वाजता, ते दोन दिवस कागदावर लिहायला लावते.

एका मे महिन्यात अशाच कागदाने मला उत्तर दिलं. चादरीच्या कारखान्यात सकाळी ४ सेकंदांत उघडणारा स्टॉक रिपोर्ट दुपारी १ ते ५ मध्ये ३० सेकंद घ्यायचा. माणसं तीच, डेटा तोच. सर्व्हर होता पोटमाळ्यावर, वर तापलेले पत्रे. दुपारी दोनला तिथे बसून टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग पाहिला, तर ३.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर १ च्या खाली उतरला होता. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. मशीन बंद करून झाकण काढलं, तर पंख्याखालच्या हीटसिंकवर लूमवरून उडालेल्या कापसाच्या रुईचा घट्ट थर बसला होता. बोटाने ओढला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. पंखा बोटाने धरून ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट बदलली आणि मशीन खालच्या ऑफिसात आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला रिपोर्ट ५ सेकंदांत आला. कारखान्यात सर्व्हर असेल तर दर दोन महिन्यांनी झाकण उघडाच.

सगळ्यांचं एकदम अडकतं आणि थोड्या वेळाने आपोआप सुटतं, तेव्हा लॉक, म्हणजे एकाने धरून ठेवलेल्या आणि बाकीच्यांना अडवणाऱ्या नोंदी, बघा. ‘एसपी_हू२’ चालवा आणि ‘बीएलकेबाय’च्या (कोणी अडवलं त्या) रकान्यात जो नंबर पुन्हा पुन्हा येतो, पण स्वतः कोणामुळे अडलेला नाही, तो गाठा. मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’, पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ बघून ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (व्यवहार उघडा ठेवून नुसता बसलेला) शोधा. एका अडत दुकानात दिवाणजी बिल दुरुस्तीची खिडकी उघडी ठेवून जेवायला जायचे. त्यांना समोर बसवून दाखवलं, की ही खिडकी उघडी असताना बाहेरच्या तिघांचा पडदा गोठतो. दोष मुळात सॉफ्टवेअरचा होता, व्यवहार उघडा ठेवून माणसाची वाट बघणं चूकच. ते बनवणाऱ्याकडून दुरुस्त करून घेतलं. असा अडवणारा सापडला तर लगेच ‘किल’ करू नका. त्याने केलेलं सगळं उलटवलं जातं आणि मोठं काम असेल तर त्यालाही वेळ लागतो. आधी त्या माणसाला हाक मारा.

एकच रिपोर्ट कायम हळू असेल तर क्वेरीचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा) एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे डेटाबेस उत्तर कुठल्या वाटेने शोधतो ते, बघा. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये १२ लाख ओळींच्या टेबलात तारखेवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) होता, तरी पूर्ण टेबल वाचलं जायचं. कारण अट ‘वर्ष काढून ते २०२४ शी जुळवा’ अशी लिहिली होती. रकान्यावर असं फंक्शन लावलं की साधा इंडेक्स कामी येत नाही. ‘१ जानेवारी २०२४ पासून, १ जानेवारी २०२५ च्या आधी’ असं लिहिलं आणि ३८ सेकंदांचा रिपोर्ट २ सेकंदांवर आला. नवा इंडेक्स टाकायचा तर आधी बॅकअपच्या प्रतीवर टाकून मोजा, कारण प्रत्येक इंडेक्स नवी नोंद लिहिताना थोडा वेळ खातो. आणि २००८ आर२ ते २०२२ पर्यंतच्या एसक्यूएल एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे हे लक्षात ठेवा. ती गाठली की जुनं सगळं दिसतं, नवं बिल मात्र सेव्ह होत नाही.

अलीकडे डेटाबेस क्लाउडवर नेला आणि स्लो झाला, अशी तक्रार वाढली आहे. अण्णांचंच सांगते. त्या स्टिकरच्या प्रसंगानंतर, गेल्या वर्षी, त्यांनी डेटाबेस मुंबईतल्या क्लाउडवर (इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर) नेला. ६०० ओळींची पॅकिंग लिस्ट पूर्वी झटकन उघडायची, ती १५ सेकंद घ्यायला लागली. इंटरनेटवाल्याने दुप्पट वेगाचा प्लॅन विकला, फरक शून्य. मी मोजलं, तर कारखान्यातून सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन २५ मिलिसेकंद लागत होते. सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीसाठी मालाचं नाव आणायला वेगळी क्वेरी पाठवत होतं. ६०० फेऱ्या, प्रत्येकी २५ मिलिसेकंद, बरोबर १५ सेकंद. कारखान्यातल्या केबलवर ही फेरी १ मिलिसेकंदाच्याही आत व्हायची, म्हणून इतकी वर्षं कोणाला जाणवलं नाही. प्रोग्रामरला दोन टेबलं जोडून एकाच क्वेरीत सगळं आणायला लावलं. पॅकिंगच्या मुलाने बटण दाबलं, लिस्ट लगेच आली, आणि त्याने खात्री करायला तीनदा बंद करून उघडली. अण्णांनी महागडा प्लॅन त्याच महिन्यात परत केला.