आयफोनवर तारीख का दिसेना

इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंना मी फराळाच्या ऑर्डरचं वेबपान बनवून दिलं होतं. ऐन दिवाळीत त्यांचा फोन आला, "अरे, ताईच्या जुन्या आयफोनवर तारखेच्या जागी 'इनव्हॅलिड डेट' असं काहीतरी येतंय." माझ्याकडे क्रोम, फायरफॉक्स, सगळीकडे व्यवस्थित. मी शहाणपणा केला, म्हटलं क्रोम टाकून बघा. तेच! मग ट्यूब पेटली: आपल्याकडे आयफोनवरचं क्रोमही आतून सफारीचंच (ॲपलच्या ब्राउझरचं) इंजिन, म्हणजे पान वाचून दाखवणारा भाग, वेबकिट, वापरतं. पाटी बदलून काय होणार?

संध्याकाळी तो फोन घरी आणला, चकल्यांच्या डब्यासकट. डेटाबेसमधून तारीख '२०२३-११-१० १८:३०:००' अशी येत होती, मधे नुसती रिकामी जागा. जावास्क्रिप्टच्या (पानामागच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या) प्रमाण रूपात तारीख आणि वेळेच्या मधे 'टी' (T) हे अक्षर लागतं; नसलं तर काय करायचं ते ज्या-त्या ब्राउझरच्या मर्जीवर. क्रोम सांभाळून घेत होतं, त्या फोनमधलं वेबकिट नाही. चूक माझीच. जागेऐवजी 'टी' घातला, शेवटी भारतीय वेळेची खूण '+०५:३०' जोडली. दोन मिनिटांचं काम.

रोजचं काम अजून क्रोममध्येच करतो (त्याच्या डेव्हटूल्सची, म्हणजे चुका शोधायच्या साधनांची, सवय सुटत नाही), पण पान सोपवण्याआधी ताईंचा फोन मागून आणतो. चकल्या मात्र दरवेळी मिळत नाहीत.