जगाचं भाकीत करायचंय? आधी एक वही घ्या

संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारात सेव उसळ खाता खाता कोणीतरी सांगतंच की अमेरिका संपली, आता चीन, आणि एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार. दोन वर्षांनी त्याला विचारायला कोण जातं? म्हणून मी 2021 पासून भाकितं लिहायला एक दोनशे पानी वही ठेवलीय, ज्याला ह्यात खरंच रस आहे त्याने ठेवाच.

"डॉलर पडणार" असं लिहून चालत नाही. "2030 संपेपर्यंत सेंट्रल बँकांच्या परकीय गंगाजळीत डॉलरचा वाटा 50% च्या खाली जाईल" असं लिहायचं, कारण हा आकडा आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) दर तीन महिन्यांनी देतं, वाद घालायला जागाच नाही. मग शक्यता काढायची, आणि त्यासाठी बातम्या बाजूला ठेवून आधीची चाल बघायची. 2000 च्या सुमारास हा वाटा 71% होता, 2024 मध्ये 58% च्या आसपास, म्हणजे पंचवीस वर्षांत 13 टक्के, वर्षाला जेमतेम अर्धा. ह्या चालीने 2030 ला तो 55 च्या आसपास असेल, 50 च्या खाली जायला काहीतरी मोठं मोडावं लागेल, म्हणून मी 10% लिहिलंय.

एकाच चालीवर मात्र विसंबू नका हं. 1989 च्या शेवटी जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई 38,915 वर होता, जपान सगळ्यांना मागे टाकणार असं भलेभले म्हणत होते, आणि तो आकडा परत ओलांडायला 2024 उजाडलं.

हळू बदलणाऱ्या गोष्टींवर जास्त भरवसा ठेवा. लोकसंख्या घ्या, चीनची 2022 पासून घटतेय, दक्षिण कोरियाचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 2023 मध्ये 0.72 वर आला, जी मुलं जन्मलीच नाहीत ती 2045 ला कारखान्यात कुठून येणार?

मग बघा माल कुठे अडतो. कोयलीला रिफायनरी असलेल्या बडोदेकरांना वेगळं सांगायला नको, आखातातलं बहुतेक क्रूड होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून निघतं. चिपचं पण तसंच, सगळ्यात बारीक चिप छापायची ईयूव्ही मशीन जगात फक्त नेदरलँड्सची एएसएमएल बनवते आणि त्या चिप मुख्यतः तैवानमध्ये बनतात. नफा आणि सत्ता अशाच नाक्यांवर साठते, भाषणांपेक्षा हे नाके बघा.

शेवटी आपल्या भाकितांना मार्क द्या, ही पद्धत ग्लेन ब्रायर ह्यांनी 1950 मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी काढली. गोष्ट घडली तर 1, नाही घडली तर 0, त्यातून तुमची शक्यता (10% म्हणजे 0.1) वजा करा आणि वर्ग करा, जितका कमी तितकं चांगलं. जानेवारी 2022 मध्ये मी युक्रेनवर मोठा हल्ला होईल ह्याला फक्त 10% दिले होते, 24 फेब्रुवारीला हल्ला झाला, म्हणजे 0.9 चा वर्ग, 0.81. ते पान फाडलं नाही, खाली लाल पेनाने लिहिलं की सीमेवर जमलेलं सैन्य सोडून मी नेत्यांचे इंटरव्ह्यू ऐकत बसलो होतो. आता कुठल्याही युद्धाचं पान लिहिताना आधी ते पान उघडतो.